अपडेटराव

परभणीत दोन माणसं रस्त्यात भेटली की ‘नळ आले का?’ हा पहिला प्रश्न असतो. अपडेटराव भेटला की विचारतो, ‘तू अजून तेच वापरायलास?’ आता ‘तेच’ म्हणजे काय, हे आपलं आपण ओळखायचं. एडिटर असेल, डेटाबेस असेल, ब्राउझर असेल. काहीही असलं तरी आपलं उत्तर चुकतंच, कारण आपण ज्याचं नाव घेऊ ते गेल्याच आठवड्यात मागं पडलेलं असतं. मग तो चहाचा कप खाली ठेवतो आणि समजुतीच्या सुरात म्हणतो, ‘लोक कुठं चालले बघ.’ आम्ही वसमत रोडकडं बघतो. लोक वसमतलाच चाललेले असतात.

त्याचं खरं नाव रेशनकार्डावर आहे आणि तिथंच बरं आहे. हिंजवडीतल्या एका कंपनीत तो सॉफ्टवेअर इंजिनिअर. मार्च 2020 मध्ये पाठीवर एक बॅग टाकून पंधरा दिवसांसाठी म्हणून आला, तो इथलाच झाला. पुढं कंपनीनं परत बोलावलं, तेव्हा महिन्यातून एकदा तोंड दाखवून येण्यावर तोड निघाली. पगार पुण्याचा, घरभाडं शून्य आणि भाकरी आईच्या हातची. त्यानं आयुष्यात केलेलं हे सगळ्यात यशस्वी ऑप्टिमायझेशन, असं माझं मत. त्याला ते मान्य नाही. तो मान त्याच्या मते कीबोर्डाची बटणं बदलली त्या दिवसाला जातो.

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे आम्ही सगळ्यांनीच लहानपणापासून ऐकलेलं. ते कुणी आणि का काढलं यावर चार माणसांची पाच मतं. अपडेटरावानं मात्र ते शब्दशः घेतलं. बर्लिनमध्ये कुणी परिषदेत काही बोललं की संध्याकाळपर्यंत ते स्टेशन रोडच्या टपरीवर पोचतं. आपल्या वॉर्डाचा नगरसेवक कोण, हे त्याला सांगता यायचं नाही; पण 2018 साली मायक्रोसॉफ्टनं साडेसात अब्ज डॉलरला गिटहब घ्यायचं ठरवलं तेव्हा कोण कोण रुसून दुसरीकडं गेलं, हे तो भावकीतल्या वाटणीच्या तपशिलानं सांगतो. 1 मे 1999 ला हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाला, ही माहिती पाव्हण्यांना देतानाही तो ‘फोर्क झाला’ असंच म्हणतो. वर गंभीरपणे सांगतो, ‘मर्ज होईल असं वाटत नाही.’

ऑगस्ट 2023 मध्ये विम नावाचा एडिटर बनवणारे ब्रॅम मोलेनार वारले. अपडेटरावानं दोन दिवस दाढी केली नाही, फाटकाबाहेर आला नाही. समोरच्या काकू विचारायला आल्या.

‘कोण गेलं रे बाबा?’

‘ब्रॅम.’

‘कुठले म्हणायचे?’

‘नेदरलँडचे.’

काकूंच्या डोळ्यांपुढं तालुके फिरून गेले. ‘जवळचे होते का?’

‘रोजचं बसणं होतं, काकू.’

‘वय?’

‘बासष्ट.’

‘काय वय आहे का हे जायचं,’ म्हणून काकूंनी पदर तोंडाला लावला. मग त्यानं सांगितलं, की 1991 पासून या माणसानं आपला एडिटर जगाला फुकट वाटला आणि बदल्यात काय मागितलं, तर युगांडातल्या पोरक्या लेकरांना मदत करा. काकू म्हणाल्या, ‘देवमाणूस!’ आणि सुतकाच्या घरी पाठवतात तशी पिठलं-भाकरी पाठवून दिली. अपडेटरावानं ती संपवली. त्याला भूक लागली होतीच.

सकाळी दहाला त्याचं स्टँडअप असतं. काल काय केलं, आज काय करणार, कुठं अडलं, हे प्रत्येकानं उभ्या-उभ्या सांगायचं आणि पंधरा मिनिटांत मोकळं व्हायचं, अशी ही रीत. या सगळ्या रीतींचं मूळ पीठ म्हणजे अजाइलचा जाहीरनामा. तो फेब्रुवारी 2001 मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात, स्नोबर्ड नावाच्या बर्फावर घसरायच्या ठिकाणी सतरा जणांनी बसून लिहिला. बर्फात ठरलेली गोष्ट परभणीच्या मे महिन्यात पाळायची म्हणजे काय, हे त्या सतरा जणांना कुणी विचारलं नसावं. घरात कूलरच्या आवाजात समोरच्याला काही ऐकू जात नाही आणि रेंज फक्त गच्चीवर. म्हणून अपडेटराव चव्वेचाळीस डिग्रीत डोक्यावर टॉवेल टाकून, लॅपटॉप पाण्याच्या टाकीवर ठेवून उभा. पंधरा मिनिटांचं स्टँडअप पाऊण तास चालतं, कारण त्यातली तीस मिनिटं ‘आवाज येतोय का?’ यात जातात. मध्येच खालून आईची हाक येते, ‘नळ आले रे, मोटार लाव!’ ही हाक आता पुण्यातली अख्खी टीम ओळखते. एकदा तो म्यूट राहिला, तर तिकडून मॅनेजरनंच आठवण केली म्हणे.

त्या जाहीरनाम्यातलं पहिलंच सूत्र असं, की साधनं आणि पद्धती यांच्यापेक्षा माणसं आणि त्यांचं एकमेकांशी बोलणं मोठं. अपडेटरावाला हे सूत्र इतकं आवडतं, की ते टीमच्या रोज डोळ्यांपुढं राहावं म्हणून त्यानं आतापर्यंत पाच वेगवेगळी साधनं लावून पाहिली.

त्याचे वडील, म्हणजे नाना, वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातून निवृत्त झालेले. उभा जन्म ज्वारीच्या प्लॉटवर गेला. मुलगा दिवसातून दोनदा रिलीज करतो, हे कळलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला. विद्यापीठाचं एखादं वाण बाहेर पडायचं म्हणजे वर्षानुवर्षं चाचण्या. एकाच ठिकाणी नाही, वेगवेगळ्या संशोधन केंद्रांवर. शेजारच्या तासात तुलनेसाठी जुनं वाण लावायचं, कीड मोजायची, कणसं मोजायची आणि सगळे आकडे घेऊन जॉइंट ॲग्रेस्कोच्या बैठकीला जायचं. तिथं राहुरी, अकोला आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठांची मंडळी चुका काढायलाच बसलेली. नाना म्हणाले, ‘आमची परभणी क्रांती भेंडी घे. हळद्या रोगाला दाद द्यायची नाही म्हणून काढली. तुझ्या जन्माआधीची आहे, लोक अजून बी मागतात. तुझं ते कालचं किती दिवस टिकंल?’

‘गुरुवारपर्यंत,’ अपडेटराव म्हणाला. तो बुधवार होता.

आता मोंढा. तिथल्या एका आडत दुकानात मी लिहिलेला फॉक्सप्रोचा प्रोग्रॅम चालतो. फॉक्सप्रोची शेवटची आवृत्ती 2004 साली निघाली आणि जानेवारी 2015 मध्ये मायक्रोसॉफ्टनं तिच्यावरचा हात काढून घेतला, पण ही वार्ता मोंढ्यापर्यंत आलेली नाही. शेतकऱ्याचा माल उतरला, मापाड्यानं वजन पुकारलं, मुनीमजींनी भाव टाकला, की डॉट मॅट्रिक्स प्रिंटर करकरत पट्टी काढतो. वजन, भाव, हमाली, तोलाई आणि तळाला निव्वळ रक्कम. आकड्यांची उजवी कड ओळंब्यात. ती तशी राहावी म्हणून डावीकडं मोकळ्या जागा भराव्या लागतात आणि त्यासाठी फॉक्सप्रोत पॅडएल नावाचं फंक्शन घरचंच आहे. नेमकं हेच काम करणारं लेफ्ट-पॅड नावाचं अकरा ओळींचं पॅकेज मार्च 2016 मध्ये एका चिडलेल्या प्रोग्रॅमरनं एनपीएम या पॅकेजांच्या कोठारावरून काढून घेतलं. त्या अकरा ओळींवर मोठमोठ्यांचे इमले उभे होते. जगभर बिल्ड कोसळले. मोंढ्यात त्या आठवड्यात हरभऱ्याच्या पट्ट्या निवांत निघत होत्या.

हे ऐकून अपडेटरावाला लाज वाटेल अशी माझी अपेक्षा होती. त्याला कणव आली. ‘शेठजी, तुमचं सगळं नवीन करून देतो,’ म्हणाला. शेठजींनी फक्त पैशांचं विचारलं. फुकट म्हटल्यावर त्यांनी गादीवर सरकून जागा दिली.

दुसऱ्या दिवशी भिंतीवर, लक्ष्मीच्या फोटोशेजारी, ‘करायचं’, ‘चालू’ आणि ‘झालं’ अशा तीन रकान्यांत रंगीत चिठ्ठ्या लागल्या. छताच्या पंख्याच्या वाऱ्यानं ‘करायचं’मधल्या तीन उडाल्या आणि ‘झालं’ला जाऊन चिकटल्या. त्या आठवड्याची प्रगती बरी दिसली. मग अंदाजाचे पत्ते आले. कोणत्या कामाला किती कष्ट, ते प्रत्येकानं पत्ता टाकून एकदम दाखवायचं. पत्त्यांवर 1, 2, 3, 5, 8, 13. मुनीमजींनी सगळे पत्ते चाळले.

‘चार कुठाय?’

‘चार नसतो, मुनीमजी.’

‘असं कसं? माणूस काम सांगितलं की चार दिवसच म्हणतो.’

अपडेटरावानं हमालीची एक सेवा केली, तोलाईची दुसरी, वजनाची तिसरी. तिन्ही स्वतंत्र, एक पडली तरी बाकीच्या चालू राहाव्यात म्हणून. झालं उलटंच. वजन आलं की पैसे येईनात, पैसे आले की वजन शून्य. याचं कारण मेलविन कॉनवे या माणसानं 1968 सालीच लिहून ठेवलंय: जी मंडळी एकमेकांशी जशी बोलतात, तशीच त्यांच्या हातची यंत्रणा घडते. आमचे मुनीमजी आणि मापाडी यांचं गेल्या पोळ्यापासून बोलणं बंद होतं. दोघांनी आपापल्या गरजा अपडेटरावाला वेगवेगळ्या वेळी, एकमेकांकडं पाठ करून सांगितल्या होत्या. त्यानं त्या इमानदारीनं बांधल्या. सोयाबीनचा ओलावा कुणी नोंदवायचा, हे तर दोघांनीही सांगितलं नव्हतं, कारण ते दुसऱ्याचं काम.

शेठजींना उपाय दिसत होता. ‘अजून दोन पोरं लाव. ट्रक खाली होईना तर आम्ही हमाल वाढवतो.’ अपडेटराव उठून उभाच राहिला. उशीर झालेल्या प्रोजेक्टावर माणसं वाढवली तर उशीर आणखी वाढतो, हे फ्रेड ब्रुक्स यांनी 1975 साली पुस्तक लिहून सांगितलंय, नव्या पोरांना शिकवण्यातच जुन्यांचा दिवस जातो, वगैरे. शेठजी शांतपणे म्हणाले, ‘मग तो ब्रुक्स मोंढ्यात आला नाही.’ मला विचाराल तर दोघंही बरोबर होते. पोतं उचलायला शिकवावं लागत नाही, एवढाच काय तो फरक. अर्थात हे हमालांसमोर बोलायची माझी छाती नाही. बोऱ्याला हूक कसा लावायचा, हे त्यांच्याकडून ऐकायला बसलो तर मलाही आठ दिवस लागतील.

सोयाबीन आलं. मोंढ्यात पाय ठेवायला जागा राहिली नाही. नवं सॉफ्टवेअर ‘चालू’ रकान्यातच होतं आणि पट्ट्या फॉक्सप्रोच काढत होता. कुणी अपडेटरावाला काही बोललं नाही; उलट चहा जास्तच पाजला, त्यानं तो आणखी खजील झाला. कोपऱ्यात बसून नुसता प्रिंटरकडं बघत राहायचा. एका दुपारी मला म्हणाला, ‘पट्टी यायला अर्धा सेकंद उशीर व्हायलाय.’

मी हसलो. तो हसला नाही. मार्च 2024 मधली गोष्ट ऐकवायला लागला. अँड्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरला दिसलं, की एसएसएचनं लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय. दुसरा कुणी असता तर तेवढ्यात जांभई देऊन मोकळा झाला असता. हा खणत गेला आणि एक्सझेड नावाच्या, लिनक्सच्या पोटात कुठंतरी बसलेल्या लायब्ररीत कुणीतरी चोरदरवाजा करून ठेवलेला सापडला. तोही दोनेक वर्षं मदतनीस म्हणून गोड वागून, विश्वास कमावून. ‘अर्धा सेकंद असाच येत नसतो,’ अपडेटराव म्हणाला.

आमच्या दुकानात चोरदरवाजा नव्हता. हार्ड डिस्क म्हातारी झाली होती. तोवर दुकानाचा बॅकअप म्हणजे एक पेनड्राइव्ह, तिजोरीत, हळद-कुंकू लावलेला. त्यात शेवटचा डेटा कधीचा होता ते लक्ष्मीलाच ठाऊक. अपडेटरावानं त्याच रात्री फॉक्सप्रोच्या सगळ्या फाइली गिटमध्ये, म्हणजे फाइलींचा प्रत्येक बदल जपून ठेवणाऱ्या साधनात, टाकल्या आणि रोज त्यांची एक प्रत बाहेर पाठवायची सोय केली. हे करताना त्याचा जीव तुटत होता. गिट हे मजकुरासाठी. डीबीएफ फाइलीत काय बदललं ते त्याला दाखवता येत नाही, नुसतं ‘बदललं’ एवढंच म्हणतं. ‘हे कुणाला सांगू नको,’ असं त्यानं मला दोनदा बजावलं. लक्ष्मीपूजनाच्या दोन दिवस आधी डिस्कनं मान टाकली. बाहेर ट्रॅक्टरांची रांग, आत मुनीमजींचा चेहरा पांढरा. माळ्यावरचा जुना कॉम्प्युटर खाली आला, फाइली उतरल्या, आणि तासाभरात प्रिंटर पुन्हा करकरायला लागला. आदल्या संध्याकाळपर्यंतची एकेक पट्टी जागच्या जागी.

तेव्हापासून दुकान वाढवताना मुनीमजी दिवाबत्ती करतात, उदबत्ती ओवाळतात आणि मग शेठजी गादीवरून विचारतात, ‘गिट मारलं का?’ मुनीमजी कॉम्प्युटरवरच्या एका चित्रावर दोनदा टिचकी मारतात. मापाडीही त्या वेळी थांबून बघतो. दोघांचं बोलणं अजून सुरू झालेलं नाही, पण ‘मारलं’ एवढा शब्द मुनीमजी त्याच्याकडं बघून म्हणतात.

परवा अपडेटराव दुकानात आला, गादीवर टेकला आणि आवाज खाली आणून म्हणाला, ‘शेठजी, गिट आता जुनं झालं. 2005 चं आहे ते. लिनस टोरवाल्ड्सनं लिनक्ससाठी घाईत केलेलं. लोक आता जुजुत्सूकडं चालले.’

शेठजींनी तुरीचा दाणा दातांखाली धरून फोडला आणि ओलावा बघितला.

‘हरभरा निघू दे,’ ते म्हणाले. ‘मग बघू.’