कटआउट आणि आवाज

2023 च्या सप्टेंबरात जी-20 परिषदेसाठी दिल्लीत जग अवतरणार होतं, तेव्हा नवी दिल्ली नगरपालिकेपुढे एक नाजूक राजनैतिक प्रश्न उभा राहिला: माकडं. बायडेन यांना सुरक्षा देता येते, सुनक यांना चहा पाजता येतो. माकडांना ना प्रोटोकॉल ठाऊक, ना कुणाची भीड. पूर्वी त्यांना पिटाळायला खरे लंगूर आणत, पण ते वन्यजीव कायद्यात बसेना. मग पालिकेनं काळतोंड्या लंगुरांचे मोठाले कटआउट जागोजागी उभे केले. नुसत्या चित्राला माकड भीक घालत नाही, हे कुणा अनुभवी अधिकाऱ्यानं ताडलं असावं. कारण तोंडानं हुबेहूब लंगुराचा आवाज काढणारी तीस-चाळीस माणसंही सोबत तैनात केली.

देशाची प्रतिमा कशी घडते, हे परराष्ट्र खात्याचे जाडजूड अहवाल वाचून जेवढं कळत नाही तेवढं या फुटपाथवर कळतं. सरकार कटआउट उभा करतं. आवाज समर्थक काढतात.

कटआउटच्या कामात सगळेच पक्ष तरबेज. त्याच परिषदेवेळी वसंत विहारच्या कुली कॅम्पपुढे हिरवं कापड ताणलं गेलं. 2020 मध्ये अहमदाबादेत ट्रम्प यांच्या ताफ्याच्या वाटेवर सरणियावास वस्तीपुढे भिंतच उठली. तिची उंची पुढे कमी केली. तेवढीच पाहुण्यांची सोय. आणि काँग्रेसवाल्यांनी गालात हसू नये. त्यांच्या राजवटीतल्या 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धेतही दिल्लीच्या झोपड्या फलकांआड गेल्याच होत्या. क्रीडाग्रामातल्या घाणीवर परदेशी पथकं ओरडली, तेव्हा आयोजन समितीच्या ललित भनोत यांनी खुलासा केला, की स्वच्छतेची त्यांची कल्पना वेगळी नि आपली वेगळी. इतका प्रांजळ प्रवक्ता पुन्हा झाला नाही.

गंमत अशी, की पडदा ज्यांच्यासाठी, त्यांना आतलं सगळं ठाऊक असतं. चाणक्यपुरीत वकिलातींना खेटूनच संजय कॅम्प आणि विवेकानंद कॅम्प आहेत. राजदूतांना दिल्लीतली गरिबी शोधायला दुर्बीण लागत नाही. मग पडदा कुणासाठी? तो रात्री नऊच्या बातम्या बघणाऱ्या आपल्या माणसासाठी. ‘जग थक्क झालं’ हे जगाला कळलं नाही तरी चालतं, साताऱ्याला कळलं पाहिजे.

क्रमवारीचंही तसंच. जागतिक बँकेच्या व्यवसायसुलभतेच्या यादीत आपण 142 वरून 63 वर आलो, तेव्हा जागतिक बँकेइतकं शहाणं कुणी नव्हतं. 2023 च्या भूक निर्देशांकात 125 देशांत 111 वे आलो, तेव्हा मोजणाऱ्यांची पद्धतच सदोष निघाली. यातली पहिली यादी बँकेनं 2021 मध्ये स्वतःच गुंडाळली. दुसऱ्याच काही देशांच्या आकड्यांत फेरफार सापडले म्हणून. आपल्या नव्हे, हे सांगितलेलं बरं. नाहीतर आवाज सुरू व्हायचा.

आवाजाची ताकद काय असते, ते 2021 च्या फेब्रुवारीत दिसलं. रिहाना या गायिकेनं शेतकरी आंदोलनाबद्दल सहा शब्दांचा प्रश्न विचारला. लगोलग परराष्ट्र मंत्रालयाचं हॅशटॅगसह निवेदन आलं आणि पाठोपाठ क्रिकेटपटू नि सिनेनट एका सुरात तेच हॅशटॅग लावून ट्वीट करू लागले. हा सूर आपोआप जुळला की कुणी जुळवला, याची चौकशी करू, असं महाराष्ट्राच्या तेव्हाच्या गृहमंत्र्यांनी जाहीर केलं. म्हणजे कोरसचीही चौकशी!

परदेशातल्या समर्थकांचा उत्साह तर बघायलाच नको. तिथं खड्डे नाहीत, रेशनची रांग नाही. देशप्रेमाला सगळा वेळ मोकळा. 2022 च्या ऑगस्टमध्ये न्यू जर्सीतल्या एडिसन गावी स्वातंत्र्यदिनाची मिरवणूक निघाली. ढोल होते, तिरंगे होते, आणि मोदी-योगींची चित्रं लावलेला एक बुलडोझरही होता. अमेरिकी बघ्यांना आधी रस्त्याचं काम निघालंय असं वाटलं असेल. मग भारतात घरं पाडण्याशी बुलडोझरचा काय संबंध, हे तिथल्या वर्तमानपत्रांनी सविस्तर छापलं. निषेध झाले, दोनेक आठवड्यांनी आयोजकांनी लेखी माफी मागितली. भारताची परदेशात बदनामी केली म्हणून त्यांच्यावर इकडे कुणी गुन्हा नोंदवल्याचं मात्र ऐकिवात नाही.