आकडेबहाद्दर

बॉक्सिंगचा सामना कोणी जिंकला हे तीन पंच ठरवतात. तो किती जणांनी पाहिला, हे मात्र दाखवणारी कंपनी स्वतःच सांगते. साहजिकच या दुसऱ्या निकालात आजवर कोणी हरल्याचं ऐकिवात नाही.

१५ नोव्हेंबर २०२४ ची रात्र घ्या. टेक्सासमधलं अर्लिंग्टन. एका कोपऱ्यात ५८ वर्षांचा माईक टायसन, दुसऱ्या कोपऱ्यात यूट्यूबवरून रिंगमध्ये उतरलेला २७ वर्षांचा जेक पॉल. सामना खरं तर जुलैत व्हायचा होता, पण टायसनचा अल्सर बळावला म्हणून पुढे ढकलला. (पैलवानाच्या पोटाला आराम पडेपर्यंत थांबलेला महासंग्राम!) प्रक्षेपण नेटफ्लिक्सवर. ड्रेसिंग रूममधली मुलाखत आटोपून टायसन पाठमोरा वळला आणि मागच्या बाजूनं त्याच्या अंगावर जवळजवळ काहीच नाही, हे साऱ्या जगाला दिसलं. तेवढं स्पष्ट दिसलं. पुढे अनेकांच्या नशिबी पडद्यावर गरगरणारं चक्र आलं. चित्र अडकत होतं, फुटत होतं, आणि जेव्हा दिसे तेव्हा टायसन स्वतःचाच हातमोजा चावताना दिसे. आठ फेऱ्यांत त्याचे एकूण १८ ठोसे लागले, अशी कॉम्प्युबॉक्सची मोजणी आहे.

नेटफ्लिक्सनं लगोलग जाहीर केलं, ६ कोटी घरांनी सामना पाहिला. काही दिवसांनी सुधारित आकडा आला, १० कोटी ८० लाख प्रेक्षक. म्हणजे आधी घरं मोजली, मग घरातली माणसं. भागाकार केला तर घरटी १.८ माणूस पडतो. एक जागा आणि दुसरा पेंगुळलेला धरला की हिशेब चोख जुळतो. चक्राकडे टक लावून बसलेले यात आले की नाही, ते विचारू नका. त्यांनीही काहीतरी पाहिलंच की.

याच कार्यक्रमात आपल्या हरियाणाच्या नीरज गोयतनं विजय मिळवला. समोर होता ब्राझीलचा विनोदवीर विंडरसन नुनेस. हसू नका. ज्याच्यामागे चाहत्यांची फौज, त्यालाच हल्ली ठोसे खायची पात्रता येते.

आता इतकी जनता लोटतेय म्हटल्यावर टीव्हीवाल्यांनी या खेळापुढे रांग लावायला हवी. झालं उलटंच. एचबीओनं १९७३ पासून बॉक्सिंग दाखवलं आणि २०१८ अखेर गाशा गुंडाळला. कारण काय, तर लोक बॉक्सिंगसाठी वर्गणी भरतात असं त्यांच्या पाहणीत दिसेना. शोटाइमनं २०२३ मध्ये हात वर केले. सामने भरवणाऱ्या टॉप रँक कंपनीचा ईएसपीएनशी असलेला करार २०२५ मध्ये संपला, तो संपलाच. तेव्हा टॉप रँकचे बॉब ऍरम ९३ वर्षांचे होते. वाहिन्या येतात-जातात, ऍरम राहतात. मधल्या काळात, २०१५ मध्ये, सामने जुळवणाऱ्या अल हेमन यांनी वेगळीच शक्कल लढवली. एनबीसीसारख्या वाहिन्यांकडून त्यांनी पैसे घेतले नाहीत, उलट पदरचे मोजून त्यांची वेळ विकत घेतली. पदर अर्थात गुंतवणूकदारांचा.

मग इंटरनेटवरून सामने दाखवणारी डॅझोन आली. तिचं म्हणणं असं की दर सामन्याला वेगळे पैसे घ्यायची पद्धत आता मेली. महिन्याची वर्गणी भरा आणि निवांत बघा. २०१८ मध्ये कानेलो अल्वारेझशी ११ लढतींसाठी किमान ३६ कोटी ५० लाख डॉलरचा करार झाला. तीन लढती झाल्या, पुढे प्रकरण कोर्टात गेलं. आणि मेलेली ती पद्धत नंतर डॅझोनच्याच ऍपवर ठणठणीत उठून बसली.

त्या तीनपैकी तिसरी लढत २ नोव्हेंबर २०१९ ला लास वेगासमध्ये होती. त्याच रात्री न्यूयॉर्कला यूएफसीचा, म्हणजे मिश्र मार्शल आर्टचा, कार्यक्रम रंगला होता. तिकडचं गिऱ्हाईक मोकळं होऊन इकडे यावं म्हणून डॅझोननं आपला मुख्य सामना चक्क रोखून धरला, आणि तिकीट काढून आलेल्यांना तोवर हॉलमधल्या पडद्यांवर यूएफसीच दाखवलं. कानेलो बिचारा ड्रेसिंग रूममध्ये झोपी गेला. त्याला उठवून आणलं, आणि अकराव्या फेरीत त्यानं प्रतिस्पर्धी सर्गेई कोवालेव्हला झोपवलं. अर्थात ही रीत जुनीच. १९७४ मध्ये किन्शासात अली आणि फोरमन पहाटे चार वाजता भिडले होते, कारण अमेरिकेत ती रात्रीची सोयीची वेळ होती.

एक आकडा मात्र मी मान खाली घालून मानतो. २०१५ च्या मेवेदर–पॅकियाओ लढतीसाठी ४६ लाख घरांनी शंभर डॉलरच्या आसपास मोजले. ती पावती आहे, अंदाज नव्हे. एक जण शोटाइमचा, दुसरा एचबीओचा. रक्तचाचणीपासून सुरू झालेल्या वादावादीत पाच वर्षं गेली, आणि अखेर ३८ आणि ३६ वर्षांचे दोन गृहस्थ रिंगमध्ये आले. पॅकियाओचा खांदा आधीपासूनच दुखावलेला होता, हे पैसे वाजवून घेतल्यावर कळलं.

आता सूत्रं सौदीकडे गेली आहेत. आपल्याकडे जत्रेत कुस्ती लावणारा वेगळा, पंच वेगळा आणि भोंग्यावरून बक्षीस पुकारणारा वेगळा असतो. सौदीच्या मनोरंजन खात्याचे तुर्की अलालशेख यांना एवढी माणसं जमवायची कटकट नको वाटली असावी. सामने ते लावतात, थैली त्यांच्याकडून येते, आणि खेळाडूंची क्रमवारी लावणारं १९२२ पासूनचं ‘द रिंग’ मासिकही २०२४ मध्ये त्यांनीच विकत घेतलं.

त्यांनीच जुळवलेली कानेलो–क्रॉफर्ड लढत १३ सप्टेंबर २०२५ ला नेटफ्लिक्सच्या वर्गणीदारांना जादा पैसे न मोजता मिळाली. कंपनीच्या म्हणण्यानुसार प्रेक्षक ४ कोटी १० लाखांवर. टेरेन्स क्रॉफर्डनं ती स्वच्छ जिंकली आणि चारही मोठ्या संस्थांचे पट्टे एकदम कमरेला बांधले. डिसेंबरमध्ये त्यातला डब्ल्यूबीसीचा पट्टा काढून घेण्यात आला. क्रॉफर्ड कोणाशी हरला नव्हता. त्यानं संस्थेचं शुल्क भरलं नव्हतं.