गुप्तधनाची शास्त्रोक्त व्यवस्था

पृथ्वीपासून सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवर भ्रमण करणाऱ्या उपग्रहांनी आपली सर्व विद्या पणास लावून भिंतीच्या फटीतला प्लास्टिकचा डबा मनुष्यास दाखवावा, त्याने आतल्या चिटोऱ्यावर आपले नाव लिहावे आणि डबा होता तेथे ठेवून कृतार्थ मुद्रेने घरी जावे, असा ‘जिओकॅशिंग’ नामक उद्योग 2000 साली अमेरिकेत जन्मास आला. विसाव्या शतकाने जाता जाता केलेला हा उपकार विसरता येण्याजोगा नाही.

आमच्या अहमदनगरासही त्याचा लाभ व्हावा, म्हणून ह्यूम मेमोरियल चर्चच्या कुंपणाशी असा एक डबा दडवण्याची तजवीज व्हावी, असा आमचा अर्ज आहे. स्थळ सर्वथा योग्य. 1831 पासून अमेरिकन मराठी मिशनने या शहरात शाळा काढल्या, पुढे रेव्हरंड टिळकांनी मराठी वळणाची ख्रिस्तभजने रचली. परंतु हे सारे उघड्यावरच असल्याने कोणी ते शोधावयास जात नाही. शहराचे नाव सरकारदप्तरी बदलले खरे, तथापि अक्षांश-रेखांशांवर गॅझेटचा अंमल चालत नसल्यामुळे शोधकाची गैरसोय नाही.

प्रयोग यशस्वी झाल्यास इथल्या उपेक्षित फराहबागेच्या महालाचा एकेक दगड डब्यात घालून रानोमाळ दडवावा, म्हणजे निदान तो शोधत तरी लोक येतील. डबा जमिनीत पुरण्यास या खेळात मनाई आहे. वास्तू विस्मृतीत पुरण्याविषयी मात्र नियम मौन पाळतात.

शोधकांस एकच विनंती: डबा हाती लागताच नजर वर करू नये. समोर चर्च आहे, आणि त्याच्या नोंदीसाठी चिटोऱ्यावर रकाना नाही.