एका रुपयात डावखुरे

डावखुऱ्या पोराला उजवं करण्याचं जे काम शाळेने पट्टीच्या जोरावर अंगावर घेतलं आणि अर्ध्यातच सोडलं, त्याच्या बरोबर उलटं काम व्हिडिओ गेमच्या पार्लरने एकेका रुपयात, कुणावरही न डाफरता तडीस नेलं. नव्वदच्या दशकात चंद्रपूर जिल्ह्यातल्या आमच्या भद्रावतीत सायकल दुरुस्तीच्या दुकानाला लागून असलेल्या एका अंधाऱ्या खोलीत दोन पेट्या उभ्या असत. एका पेटीवर ‘मुस्तफा’ चाले. त्या खेळाचं खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’, आणि कॅपकॉम या जपानी कंपनीने तो १९९३ मध्ये काढला, हे आम्हाला कळायला इंटरनेट यावं लागलं. तोवर त्यातल्या एका टोपीवाल्या गड्याच्या नावानेच सारा भारत तो खेळ ओळखत होता. पेटीवर लिव्हर डावीकडे आणि बटणं उजवीकडे. म्हणजे पळणं, हुकवणं, गुंडांच्या घोळक्यातून वाट काढणं ही सगळी नाजूक कामं डाव्या हाताची, आणि उजव्या हाताला फक्त ठोकत राहण्याचं काम. ज्यांनी डाव्या हाताने उभ्या आयुष्यात साधं कुलूप उघडलं नव्हतं, अशी शेकडो उजवी पोरं त्या खोलीत डाव्या हाताची कारागीर झाली. कुणाच्याही आईने त्याबद्दल तक्रार केली नाही. तिची तक्रार रुपयाबद्दल होती.

लिव्हर डावीकडे का, हे कोडं मला फार उशिरा पडलं. १९७७ सालच्या अटारीच्या घरगुती यंत्राची जॉयस्टिक पाहिली तर तिच्या चौकोनी बैठकीच्या डाव्या कोपऱ्यात एकुलतं एक लाल बटण आहे. बैठक डाव्या हातात धरायची, बटण डाव्या अंगठ्याने दाबायचं आणि दांडी फिरवायची उजव्याने. १९८० च्या पॅक-मॅनची लिव्हर तर मधोमध. ज्याला जो हात सोयीचा, त्याने तो वापरावा. मग १९८१ मध्ये ‘डाँकी काँग’ आला, लिव्हर डावीकडे आणि उडीचं बटण उजवीकडे घेऊन, आणि हळूहळू तीच जगाची रीत झाली. जाणकार सांगतात की भराभर बटण दाबायला उजवा हात चपळ पडतो, म्हणून. दुसरी एक वदंता अशी की, दुबळ्या हातात सुकाणू दिलं म्हणजे माणूस लवकर मरतो आणि दुसरं नाणं टाकतो. पुरावा काही नाही, पण आमच्या पार्लरवाल्याचा चेहरा आठवला की माझं मन दुसऱ्या वदंतेकडे झुकतं.

हे सगळं उकरून काढायला निमित्त झालं माझ्या भाच्याचं. तो पक्का डावखुरा. उन्हाळ्याच्या सुट्टीत ताईबरोबर आला, तो पोटाशी एक चपटी पेटी धरून. जुन्या पार्लरच्या पेटीचा फक्त वरचा फळा कापून आणावा तशी ती दिसत होती. आता ही मुलं घरच्या टीव्हीला जोडून तेच आमचे जुने खेळ खेळतात. त्याला बटणं डाव्या हाताखाली हवीत, म्हणून तो डावा हात उजवीकडे आणि उजवा डावीकडे नेऊन, हातांची कैची करून बसे. कान धरून उठाबशा काढणाऱ्या मुलासारखा तो दिसे, फक्त कान तेवढे जागच्या जागी होते. तशाच अवस्थेत तो ‘स्ट्रीट फायटर टू’ खेळत होता. १९९१ चा हा खेळ. तीन ठोशांची आणि तीन लाथांची, अशी सहा बटणं. हातातून अग्निगोल सोडायचा तर लिव्हर खाली, मग तिरकी, मग पुढे आणि लगेच ठोसा. गंमत अशी की प्रतिस्पर्ध्याच्या डोक्यावरून उडी मारून पलीकडे गेलं की ही सगळी आज्ञा आपोआप आरशात पाहिल्यासारखी उलटी होते. ‘पुढे’ म्हणजे आता डावीकडे. म्हणजे खेळाच्या आत बसलेल्या गणिताला डावं-उजवं सारखंच होतं. भेदभाव काय तो बाहेरच्या लाकडाने केला.

तसं आपलं या बाबतीतलं धोरण कधीच सरळ नव्हतं. शंख साधारणपणे वामावर्ती असतात. क्वचित एखादा दक्षिणावर्ती निघाला की त्याला देव्हाऱ्यात जागा, लाल कापडावर आसन आणि बाजारात डोळे फिरतील अशी किंमत. गणपती डाव्या सोंडेचा तो घरगुती, प्रेमळ. उजव्या सोंडेचा कडक, त्याचं सोवळं सांभाळता सांभाळता घर थकतं. शंखाचं वेगळेपण पुजलं जातं, मूर्तीच्या वेगळेपणाला माणसं वचकून असतात. पोराने मात्र वेगळा हात पुढे केला की तो मागे घ्यायला लावतात. भद्रावतीत राहून असं वागणं तर शोभतच नाही. आमच्या विजासनच्या बौद्ध लेण्यात एक लांबच लांब दालन सरळ डोंगराच्या पोटात जातं, शेवटी भली मोठी बुद्धमूर्ती. आणि तोंडाशी एक दालन उजवीकडे, एक डावीकडे, तिथेही बुद्ध. ज्याने छिन्नी चालवली त्याने दोन्ही हातांच्या पाहुण्यांची सोय करून ठेवली होती.

एका भर दुपारी, बाहेर चंद्रपुरी ऊन कौलं भाजत असताना, मामा-भाच्यांनी पेटी उघडली. आत पाहण्यासारखं होतं. प्रत्येक बटणाच्या पोटात एक इवली कळ, तिला दोन पाय. एका पायाची तार बोर्डाकडे आणि दुसऱ्या पायाची काळी तार सगळ्या बटणांना शिवत घरभर फिरणारी. लिव्हरच्या खाली चार बाजूंना चार कळी. दांडी मध्यावर टेकलेली असल्याने वरचं टोक उजवीकडे गेलं की खालचं टोक डावीकडे जातं आणि डावीकडची कळ दाबली जाते. म्हणजे बाहेर उजवं म्हणून जे काही घडतं ते आत डावीकडेच घडत असतं. भाचा बराच वेळ दांडी हलवून टिक-टिक ऐकत राहिला आणि म्हणाला, “मामा, ही पण चोरून डावखुरीच आहे की.”

पहिली सोपी युक्ती म्हणजे पेटी सरळ उलट दिशेला फिरवायची. लिव्हर उजवीकडे येते, बटणं डावीकडे. मग वर खाली होतं, डावं उजवं होतं. तेवढ्या तारांची अदलाबदल केली की झालं. बटणांची वरची ओळ खाली गेलेली असते, तिच्याही तारा बदलायच्या. संध्याकाळपर्यंत केलं. चाललंही. पण पोराचा हात अवघडू लागला. बटणांची ओळ सरळ नसते, बोटांच्या लांबीप्रमाणे वाकलेली असते. तर्जनीचं बटण जरा खाली, मधल्या बोटाचं वर. फिरवलेल्या पेटीत तर्जनीला वर ताणावं लागे आणि मधल्या बोटाला गुडघे मोडून बसावं लागे.

तेव्हा सुतार मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी मूळ फळ्याचा कागदावर काढलेला आराखडा पाहिला, आमची अडचण ऐकली. “उलटं काऊन पायजे जी तुमाले? सरळच चांगलं दिसते नं.” भाच्याने हात पुढे करून दाखवला. मिस्त्री हसले, पायातली चप्पल काढून ओट्यावर ठेवली आणि गोल गोल फिरवू लागले. “हे उजवी. आता फिरवा किती बी. डावी होते का?” मग आमचा कागद घेतला, फळ्यावर ठेवला आणि काही न बोलता पालथा घातला. उन्हात कागदाच्या पाठीवर शाईची वर्तुळं उमटून दिसत होती, सगळी आरशातली. तारांशी इतका वेळ झटापट करणाऱ्या आम्हा दोघांना कागदाला पाठ असते हे सुचलं नव्हतं.

फळी सागाची. बल्लारपूरच्या डेपोतलं सागवान २०२३ मध्ये अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी गेलं. त्याच भागातल्या लाकडाचा एक हातभर तुकडा आमच्या वाट्याला या कामासाठी आला, यात लाकडाला काही कमीपणा वाटला असेल असं मला वाटत नाही. मिस्त्रींनी तीस मिलिमीटरची आठ भोकं पाडली, आणि प्रत्येक भोकातून निघालेली चकती भाच्याने खिशात टाकली. आता फळीच आरशातली असल्याने लिव्हरच्या तारांच्या अदलाबदलीची गरज उरली नाही. तिच्या चार दिशा जशाच्या तशा राहिल्या, फक्त तिचं घर बदललं.

पेटी जोडून झाल्यावर मी खेळून पाहिलं. आपला उजवा हात म्हणजे सही करणारा, वरण-भात कालवणारा, पाहुण्यांपुढे जाणारा, घरातला कर्ता हात. त्याला लिव्हर धरायला दिली तर तो निरक्षर निघाला. साधा अग्निगोल त्याला सुटेना. पार्लरमध्ये घातलेले सगळे रुपये डाव्या हाताच्या नावावर जमा होते, आणि खातं दुसऱ्या हाताकडे वळवायची सोय नव्हती. भाचा सभ्यपणे भिंतीकडे पाहत राहिला.

मग ताई आली. ती चहा घेऊन आली होती, पण बसली. ताईही डावखुरीच जन्मली. शाळेत तिचा डावा हात बाकाखाली ठेवायला लावत. म्हणून ती आजही उजव्या हाताने, सुरेख, जरा घाबरलेल्या अक्षरात लिहिते, आणि रांगोळीचे ठिपके मात्र कुणी पाहत नसताना डाव्याने घालते. पार्लरमध्ये ती कधी आलीच नाही. मुली येत नसत. तिने पेटी मांडीवर घेतली. डावा हात बटणांवर ठेवला, बोटं एकेक करून आपापल्या जागी गेली, आणि तिने त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू दूरच्या गावाहून कुणी ओळखीचं आलंय. समोर सॅगट उभा होता, एका डोळ्यावर पट्टी बांधलेला, उंच, उघडाबंब. ताईने त्याच्या डोक्यावरून उडी घेतली, तसा तो वळला.

“अरे थांब,” ती म्हणाली. “याची पट्टी आत्ता या डोळ्यावर होती. आता त्या डोळ्यावर कशी?”

“आई, चित्र एकच आहे. वळला की तेच उलटं करून दाखवतात. दुसरं काढायला जागा नव्हती तेव्हा मशीनमध्ये.”

“म्हणजे कोणत्या डोळ्याने आंधळा आहे हा?”

“तो कुठून बघतो त्यावर आहे.”

“आणि कोणी बोलत नाही याला काही?” ताईने विचारलं. तेवढ्यात सॅगटने “टायगर” म्हणून हात उगारला आणि तिला आडवं केलं. ती मांडी बदलून बसली, पेटी जरा पुढे ओढली आणि भाच्याला म्हणाली, “चहा घे तू. मला अजून एक डाव दे.”