काकींचा झील आणि भोसरीचा गुरुवार

“झील येतलो, पण दीडच दीस!” काकी गडग्यापलीकडून म्हणाल्या. “पाच दिसांचो गणपती घरात, आणि हो दीड दीस रवान परत जातलो. तेच्या हाताखालच्या ऑपरेटराक आठवड्याची रजा गावली. हेकाच नाय!”

चवथ तोंडावर आली की आमच्या वाडीत गडग्यावरच्या गप्पांना विषय दोनच. माटवीचं सामान कुणी आणायचं, आणि मुंबई-पुण्याची माणसं कुठल्या गाडीने उतरणार. काकींनी यंदा तिसरा काढला: भोसरीतल्या शॉपमध्ये सीएनसी प्रोग्रामर असलेल्या त्यांच्या धाकट्याला रजा का मिळत नाही.

“नवो पार्ट इलो आसा म्हणता. नवो पार्ट इलो तर तेका काय बारशाक बोलावला?”

पडवीत सुपारी कातरत बसलेले आमचे हे हसले. ह्यांची उभी हयात धक्क्याजवळच्या लेथवर गेली. मालवणात लेथवाल्याचा खरा हंगाम जून-जुलै. मासेमारी बंद, ट्रॉलर वर ओढलेले. कुणाला पंख्याचा शाफ्ट सरळ करून हवा, कुणाला गनमेटलचा नवा बुश, आणि सगळ्यांना बंदी उठायच्या आत. पूर्वी ह्यांचं सीएनसीबद्दलचं मत ठरलेलं होतं: ‘बटनां दाबूचा काम.’ मागच्या मे महिन्यात काकींचा झील आला, दोघे आंब्याखाली बसले, तेव्हापासून हे त्या पोराची बाजू घेतात.

“काकी, तो पण लेथच चालवता,” हे म्हणाले. “फक्त हातान नाय. लिवन चालवता.”

मग ह्यांनी सुरू केलं ते काकींच्या हातातली अळूची पानं सुकेपर्यंत. ड्रॉइंग हातात आलं की पोरानं आधी ठरवायचं जॉब धरायचा कशात. कारण जास्त घट्ट आवळला की पातळ जॉबचा गोल बिघडतो, आणि सोडल्यावरच ते कळतं. मग कुठलं हत्यार आधी, एका फेरीत किती कापायचं, स्पिंडल किती फिरवायचा. हे सगळं ओळीओळीनं लिहायचं. जी 00 म्हणजे न कापता हवेतून धाव. जी 01 म्हणजे सरळ रेषेत कापत जा. जी 02, जी 03 गोलाईला. एम 03 ला स्पिंडल सुरू, एम 08 ला कूलंटचं पाणी, आणि शेवटी एम 30, संपलं.

“म्हणजे गाऱ्हाणाच ता!” काकी म्हणाल्या. “हेना एकेक वळ सांगूची आणि मशीनीन ‘व्हय म्हाराजा’ म्हणूचा.”

हे क्षणभर गप्प झाले. इतकं नेमकं त्यांनाही सुचलं नव्हतं. “व्हय. पण देवाक चुकीचा गाऱ्हाणा घातलात तर देव समजून घेता. मशीन चुकीच्या गाऱ्हाण्याक पण व्हय म्हाराजा म्हणता.”

आणि मग त्यांनी टिंबाची गोष्ट सांगितली. मला ती आता पाठ आहे, कारण जेवताना, झोपताना तीच ऐकते. बऱ्याच जुन्या कंट्रोलवर आकड्यापुढे टिंब द्यावं लागतं. ‘एक्स 50’ लिहून पुढे टिंब दिलं तर 50 मिलिमीटर. टिंब विसरलं तर तोच आकडा मशीन मायक्रॉनात वाचतं, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉनचा. तेव्हा हत्याराला जायचं होतं 50 मिलिमीटर व्यासावर, आणि ते निघतं केसाहून बारीक व्यासाकडे, म्हणजे फिरत्या जॉबच्या पार मध्याकडे, तेही जी 00 च्या धावेनं. इन्सर्ट, म्हणजे हत्याराचं कापणारं टोक, फुटतो, हत्यारं धरणारा टरेट हलतो, कधी स्पिंडलच्या बेअरिंगला मार बसतो. लाखोंचं मशीन चार दिवस उभं. सगळं एका टिंबापायी.

म्हणून पहिला पीस घेताना प्रोग्रामर मशीनपाशी उभा हवा. सिंगल ब्लॉक लावायचा, म्हणजे एक ओळ झाली की मशीन थांबतं. रॅपिड, म्हणजे जी 00 ची धाव, 25 टक्क्यांवर आणायची. एक बोट फीड होल्डच्या बटणावर, डोळे काचेआड हत्याराच्या टोकावर, आणि स्क्रीनवर ‘अजून किती जायचंय’ तो आकडा. हत्यार जॉबच्या अगदी जवळ आलं आणि स्क्रीन अजून 40 मिलिमीटर दाखवत असेल तर काहीतरी चुकलं. हे सगळं चवथीच्या आदल्या आठवड्यात आलेल्या नव्या पार्टवर करायचं, मग रजा कुठली?

“पण मगे रातचे फोन कित्याक येतत?” काकींनी विचारलं. मे महिन्यात पोरगा घरी असतानाही रात्री दोनला फोन वाजला होता, ते आम्ही दोन्ही घरांनी ऐकलं होतं. रात्रपाळीचा ऑपरेटर: ‘सर, साइज जातोय.’

याचं उत्तर ह्यांच्या आवडीचं. लोखंड तापलं की वाढतं, हे लोहाराला पूर्वीपासून माहीत. पण किती? 100 मिलिमीटरचा पोलादी जॉब 10 अंशांनी तापला तर 11-12 मायक्रॉन वाढतो. शाफ्टवर बेअरिंग बसायच्या जागेला कित्येकदा एकूण मुभाच पंधरा-सोळा मायक्रॉनची. म्हणजे दुपारी पत्र्याच्या शेडखाली जमवलेला साइज पहाटे गारव्यात सरकणारच. शिवाय मशीनही तापतं, इन्सर्टही झिजतो. ऑपरेटरला ऑफसेट, म्हणजे मापाची दुरुस्ती, बदलायची मुभा असते ती थोडी. त्यापुढे विचारावं लागतं, आणि विचारायचं कुणाला तर मालवणात झोपलेल्या प्रोग्रामरला.

“शाफ्ट करताना मी थंड होवची वाट बघी,” हे म्हणाले. “तेका वाट बघूक येळ नाय. तास बांधलेले.”

पोरगा कुणी आकाशातून प्रोग्रामर झालेला नाही. मालवणात आयटीआय केलं, मशिनिस्टचं. भोसरीत गेला तो ऑपरेटर म्हणून. जॉब लावा, काढा, हवा मारा, गेज घाला. मग सेटर. प्रोग्रामिंग शिकला ते चहाच्या सुटीत एका वयस्क सेटरकडून, आणि संध्याकाळी पैसे भरून कॅमच्या क्लासात. सेटर होता तोवर ओव्हरटाइम मिळायचा. प्रोग्रामर झाला तशी पगाराची पावती बदलली: तू आता स्टाफ, आणि स्टाफला ओव्हरटाइम नसतो. सहा ऑपरेशन होऊन आलेलं कास्टिंग सातव्याला बिघडलं तर साहेब मात्र त्यालाच उभा करतात. मला विचाराल तर ह्या नोकरीत पगार कामगाराच्या आसपासचा आणि जाब साहेबाचा. पगार वाढवायचा एकच रस्ता, कंपनी बदलायची. आणि बदलली की नव्या शॉपमध्ये पुन्हा वेगळा कंट्रोल, वेगळी मशीनं, आणि पहिल्या दिवसापासून परीक्षा.

हे लिहून चालवायचं यंत्र मुळात कुणासाठी निघालं ते पोरानंच ह्यांना सांगितलं होतं. अमेरिकेत जॉन पार्सन्स नावाचा माणूस हेलिकॉप्टरची पाती करत होता. त्यांची वक्रता हातानं साधेना. 1952 साली एमआयटीत आकड्यांवर चालणारं मिलिंग मशीन दाखवलं, भोकं पाडलेल्या पट्टीवर हुकूम लिहून. त्याच्या थोडं आधी जनरल इलेक्ट्रिकमध्ये दुसरीच युक्ती निघाली होती: कसबी कारागिरानं एकदा हातानं जॉब करायचा, त्याच्या हालचाली टेपवर घ्यायच्या आणि मशीननं त्या पुन्हा करायच्या. ती मागे पडली. हिशेब लेथवरून उठून ऑफिसच्या टेबलावर गेला. “तसा झाला असता तर माज्या हातांची टेप आज पुण्यात वाजली असती,” हे म्हणाले. खोटं नाही. पण भोसरीच्या लहान शॉपांत ते टेबल लेथपासून चार पावलांवरच असतं, आणि पोराचे हात संध्याकाळी कूलंटानं तितकेच चिकट.

काकींना पार्सन्सशी काही घेणं नव्हतं. “वयनी, कणकवलेच्या माणसांनी चेडू दाखवूक बोलावल्यानी हा. बँकेत आसा चेडू. तिका सुट्टी आयतवारी. हेका गुरवारी!”

पिंपरी-चिंचवड, भोसरीकडे कारखान्यांना गुरुवारची साप्ताहिक सुट्टी, विजेच्या वाटपामुळे पडलेली. जुनी पद्धत, अजून चालते.

“म्हणजे नवरो गुरवारी घरात, बायको आयतवारी. आणि दुसरा बघा,” काकींनी आवाज खाली आणला, जसं काही हे गुपितच, “आमच्याकडे गुरवार पाळतत. आठवड्यात एकच दीस तो घरात रांदून जेवता, आणि त्या दिसाक मासो नाय! सुरमय घेवन काय करतलो?”

“मगे तेका हंयसर बघा म्हणा,” मी म्हटलं.

“हंयसर खंय? गोव्यात वेर्ण्याक एका ठिकाणी गेल्लो. कागदावर प्रोग्राम लिवूक सांगितल्यानी, मशीन नसताना. लिवल्यान. पगार ऐकान परत इलो. पुण्यापरास कमी, आणि भाडा पुण्यासारख्याच.”

“पण वेर्ण्याहून आयतवारी घराक तरी येतलो.”

“ता पण खरा,” काकी म्हणाल्या आणि विचारात पडल्या. मग एकदम ह्यांच्याकडे वळल्या. “कणकवलेवाल्यांक काय सांगू? लिवन लेथ चालवता म्हणान सांगू?”

“सांगा की. खरा ता.”

“नको गो बाय. लेथ म्हटला की चेडवाचो बापूस उठान जायत. कंपनीत स्टाफात आसा म्हणान सांगतंय. ओव्हरटायमाचा तेंका कित्याक सांगूचा?”