जोडीदाराचा काटा काढण्याची सोय

एक सर्व्हर बंद पडला की धंदा बसतो, म्हणून दुसरा घ्यावा, ही कल्पना इतकी सरळ आहे की तिच्यावर शंका घ्यायचं कोणाच्या मनातही येत नाही. दोघांना मिळून एक सामायिक स्टोरेज, मध्ये एक केबल आणि तिच्यावरून 'आहेस ना?' असं सतत विचारत राहणारा हार्टबीट. एकाचं उत्तर आलं नाही की दुसऱ्याने त्याचं काम उचलायचं. विक्रेत्याच्या स्लाइडवर हा संसार फार गोड दिसतो. माझं म्हणणं मात्र असं की, अशा जोडीचं, म्हणजे क्लस्टरचं, टिकणं या गोडव्यावर नसतं. वेळ आली तर एकाने दुसऱ्याचा काटा काढण्याची पक्की सोय केलेली असते, तिच्यावर. ती सोय नसेल, तर दोनापेक्षा एकच सर्व्हर बरा.

कारण उत्तर आलं नाही म्हणजे मेला, असं नसतं. केबल निसटली, स्विच रुसला किंवा पलीकडचा कामाखाली दबला, तरी इकडून सगळं सारखंच दिसतं. मग दोघेही स्वतःला एकमेव वारस समजून एकाच डिस्कवर लिहू लागतात. ईएक्सटी४सारखी फाइलसिस्टीम एका वेळी एकाच मालकासाठी बनवलेली. एका खतावणीत दोन मुनीम एकमेकांना न विचारता जमाखर्च मांडू लागले तर जे होईल, तेच इथे होतं. या आजाराचं नाव स्प्लिट-ब्रेन, आणि उपाय फेन्सिंग: शंका येताच आधी समोरच्याची वीज तोडायची, ती तुटल्याची खात्री करायची, मगच डिस्कला हात लावायचा. लिनक्सवाले याला स्टोनिथ म्हणतात, म्हणजे 'दुसऱ्याच्या डोक्यात गोळी घाला'. आमच्या क्षेत्रात एवढा प्रांजळपणा विरळाच.

निरपराध सर्व्हरला मारायचं का, असं कोवळ्या मनाचे लोक विचारतील. खुशाल मारावं, तो काही मिनिटांत पुन्हा उठतो, बिघडलेला डेटाबेस उठत नाही. दुसरी केबल टाकली तर? टाकावीच, पण तिने शंका कमी होते, मिटत नाही. मग तिसरा साक्षीदार आणून बहुमताने ठरवू, हा आक्षेप वजनदार आहे. पण २१ ऑक्टोबर २०१८ रोजी गिटहबचं जाळं फक्त ४३ सेकंद तुटलं होतं. बहुमत रीतसर जमलं आणि डेटाबेसचं मुख्यपद अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर गेलं. पूर्वेकडे मात्र पश्चिमेला न पोहोचलेल्या काही नोंदी आधीच झालेल्या होत्या. डिस्क सामायिक नव्हती, रोग तोच. सेवा २४ तास ११ मिनिटं विस्कळीत राहिली. बहुमताने राजा ठरतो. जुन्या राजाच्या हातातली लेखणी काढून घेणं हे वेगळं काम आहे.

त्यातही गंमत अशी की वीज तोडणारं आयपीएमआय बऱ्याचदा त्याच सर्व्हरच्या बोर्डावर बसतं आणि त्याच्याच विजेवर चालतं. वीज गेली की सर्व्हर खरोखर मरतो, पण त्याच्या मृत्यूचा दाखला देणाराही त्याच्याबरोबर जातो, आणि वाचलेला वारस दाखल्याची वाट पाहत हात बांधून उभा राहतो. म्हणून रॅकच्या पॉवर स्ट्रिपवरूनही वीज तोडता आली पाहिजे. आणि इशाऱ्यांची कटकट नको म्हणून ज्यांनी स्टोनिथ-एनेबल्ड या सेटिंगपुढे फॉल्स लिहून ही सोयच बंद ठेवली आहे, त्यांनी कृपा करून ते आजच बदलावं, दोन्ही सर्व्हर एकमेकांशी बोलत आहेत तोवर.