कानाला पटलं म्हणून नातं ठरत नाही

तुर्की माणूस चांगल्याला 'इयी' म्हणतो, जपानी माणूस 'ई' म्हणतो. टेकडी म्हणजे तुर्कीत 'तेपे', शिखर म्हणजे जपानीत 'तेप्पेन'. काळा रंग तिकडे 'कारा', इकडे 'कुरो'. डोंगराचा उतार तिकडे 'यामाच', आख्खा डोंगर इकडे 'यामा'. एवढं ऐकलं की कुणीतरी हमखास म्हणतो, या दोन भाषा सख्ख्या बहिणी असणार.

या चार जोड्यांवरून तसं मुळीच ठरत नाही. एकेक जोडी उलगडून बघू.

'तेप्पेन' हा शब्द जपानी मातीतला नाहीच. आकाश आणि कड अशा अर्थांच्या दोन चिनी शब्दांचा तो जोड आहे, आणि शिरस्त्राणाच्या माथ्याला तो म्हणत असत. 'तेपे' मात्र अस्सल तुर्की. पहिली जोडी बाद.

'इयी' आणि 'ई' ही सगळ्यांची लाडकी जोडी. तिचा निकाल लावायला बाराशे-तेराशे वर्षं मागे जावं लागतं, आणि सुदैवाने जाता येतं. जपानचा 'कोजिकी' हा ग्रंथ 712 सालचा. मंगोलियात ओरखोन नदीच्या खोऱ्यात क्युल तेगिन या राजपुत्राच्या स्मारकावर कोरलेला प्राचीन तुर्की लेख 732 सालचा. दोन्ही भाषांचा जुना पुरावा जवळपास एकाच पिढीतला. त्या काळच्या जपानीत चांगल्याला 'योसि' म्हणत आणि प्राचीन तुर्कीत 'एद्गू'. दोन शब्द बहिणी असतील तर मागे जावं तसे ते जवळ यायला हवेत. इथे मागे गेलो आणि ते लांब गेले. आज ते सारखे वाजतात, कारण दोन वेगळ्या वाटांनी झिजत झिजत ते एकाच आवाजावर येऊन थांबले.

'कारा' आणि 'कुरो'? आपला 'काळा' या जोडीत तितक्याच सहज बसतो. म्हणून मराठी ही जपानीची मावशी ठरत नाही. 'यामाच' आणि 'यामा' यांत तर अर्थही सरकवावा लागतो, उताराचा डोंगर करावा लागतो. अर्थ थोडा ताणायची आणि आवाज थोडा वाकवायची मुभा घेतली की जगातल्या कुठल्याही दोन भाषांतून शंभर जोड्या काढता येतात.

योगायोग किती बेमालूम असू शकतो, याचे दाखले भाषाशास्त्राच्या पहिल्या वर्गातच देतात. ऑस्ट्रेलियातल्या म्बाबारम या आदिवासी भाषेत कुत्र्याला 'डॉग' म्हणत. इंग्रजीशी काडीचाही संबंध नाही. 'गुदागा' अशा जुन्या रूपातून तो शब्द स्वतंत्रपणे घडला. 'बदनाम'मधला फारसी 'बद' आणि इंग्रजी 'बॅड' यांचा अर्थ एक, आवाज जवळजवळ एक, आणि तरी दोघांचं मूळ वेगळं.

आता उलट बाजू. मराठी 'दोन' आणि आर्मेनियन 'एर्कु' हे दोन शब्द कानाला सात जन्मांत जुळणार नाहीत. तरी ते एकाच मुळाचे आहेत. दोघींच्या मूळ भाषेत जिथे 'द्व' होता, तिथे आर्मेनियनमध्ये 'एर्क' आला. फक्त दोन या आकड्यात नाही, तर लांब आणि भीती या अर्थांच्या शब्दांतही आला. आंत्वान मेये या फ्रेंच पंडिताने हा नियम दाखवून दिला.

माझं म्हणणं एवढंच आहे. भाषांचं नातं साम्यावर ठरत नाही, नियमाने येणाऱ्या फरकावर ठरतं. शब्दांच्या जोड्यांची यादी कुणी पुढे केली तर तिला हात लावू नका. ध्वनिबदलाच्या नियमांची यादी मागा.

तुर्की-जपानी नात्याचा शोध काही उथळ माणसांनी घेतलेला नाही, हेही सांगायलाच हवं. 1709 साली पोल्टाव्याच्या लढाईनंतर रशियाच्या कैदेत पडलेला स्वीडिश अधिकारी स्ट्रालेनबर्ग सैबेरियात राहिला, तिथल्या भाषांची टिपणं केली आणि 1730 मध्ये ती छापली. पुढे तुर्की, मंगोल आणि मांचूसारख्या तुंगुस भाषांना मिळून 'अल्ताई' हे नाव मिळालं. फिनलंडचा गुस्टाफ रामस्टेट 1920 च्या दशकात आपल्या देशाचा राजदूत म्हणून टोकियोत होता. राजदूतपद सांभाळून त्याने कोरियन भाषेचा अभ्यास केला आणि तिलाही या कुळात ओढलं. अमेरिकेच्या रॉय अँड्र्यू मिलरने 1971 मध्ये जपानीलाही या कुळात बसवायला आख्खं पुस्तक लिहिलं. 2003 मध्ये स्टारोस्टिन, दिबो आणि मुद्राक यांचा तीन खंडांचा अल्ताई व्युत्पत्तिकोश आला, त्यात सुमारे 2,800 नोंदी.

एवढ्या नोंदी म्हणजे पुरावा भक्कम, असं वाटेल. टीकाकारांनी त्या एकेक करून तपासल्या. कुठे उसना शब्द घरचा म्हणून घेतलेला, कुठे अर्थाची ओढाताण, कुठे जुनी रूपंच चुकीची. या टीकाकारांत अलेक्झांडर वोविन अग्रभागी होते, आणि तेच आधी या कुळाच्या बाजूने लिहीत असत. पुरावा तपासला, पटला नाही, बाजू सोडली. विद्वत्ता याला म्हणतात.

2021 मध्ये 'नेचर' या नियतकालिकात मार्टिन रोबेट्स आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध आला. 98 भाषा, 255 पुरातत्त्वीय स्थळं आणि प्राचीन डीएनए एकत्र करून त्यांनी मांडलं, की ईशान्य चीनमध्ये पश्चिम ल्याव नदीकाठी सुमारे 9,000 वर्षांपूर्वी भरडधान्य पिकवणाऱ्या शेतकऱ्यांची भाषा या सगळ्यांची जननी. जगभर बातम्या झाल्या. पुढच्याच वर्षी दुसऱ्या अभ्यासकांनी त्याच विदेची फेरतपासणी केली आणि शब्दांचं मूळ नातंच सिद्ध होत नाही, असं दाखवलं. त्याच्या बातम्या झाल्या नाहीत. पायाच कच्चा असेल तर त्यावर संगणकाने कितीही आकडेमोड केली तरी इमारत पक्की होत नाही.

मग इतकं साम्य येतं कुठून? वाक्यरचनेचं साम्य खरंच आहे. 'टोकियोला जातो' हे तुर्कीत आणि जपानीत याच क्रमाने म्हणतात: आधी गाव, मग त्याला चिकटलेला प्रत्यय, शेवटी क्रियापद. पण हा क्रम मराठीचाही आहे, तमिळचाही आहे, आणि त्या दोघींची कुळं वेगळी. वाक्याचा साचा शेजाराने पसरतो, रक्ताने येतोच असं नाही. शब्दही प्रवास करतात. जपानी 'चा', तुर्की 'चाय' आणि आपला 'चहा' तिघेही चीनमधून आले. आपल्याकडे तोफ, कैची, कुमक हे तुर्की शब्द फारसीच्या मार्गाने आले. ते मराठीत कायमचे राहायला आले, पण त्यांनी मराठीचं गोत्र बदललं नाही.

खरं नातं कसं दिसतं ते बघायचं तर आकडे बघा. तुर्की 'बिर, इकी, उच' आणि हजारो मैल दूर सैबेरियातल्या याकूत भाषेत 'बीर, इक्की, उस'. बहिणी अशा दिसतात. अस्सल जपानी आकडे मात्र 'हितो, फुता, मि'. शिवाय तिची स्वतःची खास रीत: स्वर बदलून आकडा दुप्पट. 'हितो' एक तर 'फुता' दोन, 'मि' तीन तर 'मु' सहा, 'यो' चार तर 'या' आठ. तुर्कीत असं काही नाही.

तरी नात्याची हौस का सुटत नाही? कारण ती हौस भाषेची नाहीच. 1890 साली 'एर्तुग्रुल' हे ऑटोमन जहाज जपानच्या वाकायामा किनाऱ्यापाशी फुटलं. पाचशेहून अधिक माणसं गेली, 69 वाचली, आणि त्यांना वाचवलं ते किनाऱ्यावरच्या गरीब कोळ्यांनी. 1985 मध्ये इराण-इराक युद्धात तेहरानमध्ये अडकलेल्या जपान्यांना तुर्की विमानांनी बाहेर काढलं. या दोन देशांच्या मैत्रीला शब्दांच्या खोट्या नातेवाइकीची गरज नाही. अनोळखी परक्यांना त्यांनी वाचवलं, म्हणून तर त्या मैत्रीचं मोल आहे.

आणि हौसेला सत्तेची जोड मिळाली की काय होतं, हेही तुर्कस्तानने पाहिलं. 1936 च्या इस्तंबूलच्या भाषा परिषदेत 'सूर्यभाषा सिद्धान्त' गाजला: सूर्याकडे पाहून आदिमानवाने काढलेल्या उद्गारातून सगळ्या भाषा जन्मल्या आणि त्यांची मूळ भाषा तुर्की. राष्ट्राध्यक्ष अतातुर्क यांचा वरदहस्त होता तोवर तो चालला, 1938 मध्ये ते गेले आणि सिद्धान्तही गुंडाळला गेला. व्हॅटिकन म्हणजे वाटिका, असे संदेश आपल्याकडे फिरतात, ते याच वर्गातले.

या सगळ्यात मला खरा राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. जपानीला सिद्ध झालेल्या सख्ख्या बहिणी आहेत: ओकिनावा आणि आसपासच्या बेटांवरच्या रयुक्यू भाषा. टोकियोत फुलाला 'हाना' म्हणतात, मियाको बेटावर 'पाना'. जपानीचा 'ह' पूर्वी 'प' होता, याचा जिवंत पुरावा त्या बेटावर आहे. आणि विसाव्या शतकात शाळेत आपली भाषा बोलणाऱ्या ओकिनावाच्या मुलांच्या गळ्यात शिक्षा म्हणून लाकडी पाटी अडकवत. 2009 च्या युनेस्कोच्या नकाशात रयुक्यूच्या सहा भाषा धोक्यात म्हणून नोंदल्या आहेत.

तुर्कीचीही तीच गत. प्राचीन तुर्कीतला 'द' आजच्या तुर्कीत 'य' झाला: 'अदाक' म्हणजे पाय, त्याचा 'आयाक' झाला, तसाच 'एद्गू'चा 'इयी'. मध्य इराणमधल्या खलज भाषेत हा जुना 'द' आजही तोंडी जिवंत आहे. तिथे पायाला 'हदाक' म्हणतात. अल्ताई कुळाचे कडवे टीकाकार गेरहार्ट डोअरफर यांनीच या भाषेचं महत्त्व जगासमोर आणलं. आज खलज घरांतली मुलं फारसीकडे वळत आहेत.

आपणही फार दूर नाही. बुलडाणा जिल्ह्यात जळगाव जामोदच्या परिसरात निहाली भाषा बोलतात. कोरकू, मराठी आणि द्राविडी शब्दांचे थर बाजूला केले की उरतो तो गाभा जगातल्या कुठल्याच भाषेशी जुळत नाही. बोलणारे उरलेत जेमतेम दोन-अडीच हजार. जपानी-तुर्की नात्यावर तावातावाने बोलणाऱ्या किती मराठी माणसांनी हे नाव ऐकलंय?

नऊ हजार वर्षांपूर्वीची आई शोधायची असेल तर खुशाल शोधा, पण अशा शोधांचे पुरावे आज हयात असलेल्या म्हाताऱ्यांच्या तोंडात आहेत. मियाकोतल्या, खलजमधल्या, निहालीतल्या. आधी ते ध्वनिमुद्रित करा, त्यांचे कोश करा, त्यांच्या नातवंडांना शाळेत ती भाषा बोलू द्या. हे काम टळलं तर नात्याचा दावा सिद्ध करायला काही उरणार नाही, आणि खोडायलाही नाही.